अपघातग्रस्ताची सही

रस्त्यावर अपघात घडला की त्याची बातमी आम्ही छापतो, दुसऱ्या दिवशी जखमीच्या प्रकृतीचे वृत्त देतो आणि तेथे आमचे कर्तव्य संपते. जखमीच्या घरची खरी परीक्षा मात्र त्यानंतरच सुरू होते. वाहनमालकाचा कोणी परिचित इस्पितळाच्या खाटेशी येतो, ‘पोलिसांत कशाला जाता, आपसात मिटवू’ असे सुचवतो, काही हजारांचा आकडा सांगतो आणि कागदावर सही मागतो. घरात रोकड नसते, औषधांची चिठ्ठी हातात असते. सही होते. त्या सहीविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि भरपाईविषयक कलमे १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. कलम १६४ अन्वये चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पूर्वी कलम १४० खाली अशी विनादोष भरपाई अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस हजारच होती. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. तथापि कलम १६६ ला जोडलेले परंतुक किती जणांनी वाचले असेल? कलम १४९ च्या पद्धतीने ही ठोक रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील पूर्ण भरपाईचा दावा संपुष्टात येतो.

याचा अर्थ काय, हे हिशेबानेच पाहावे. मासळी विकणारी एक अडतीस वर्षांची बाई घ्या. महिन्याची कमाई बारा हजार. टेम्पोच्या धडकेने पाय कायमचा अधू झाला आणि तिची निम्मी कमावण्याची शक्ती गेली. प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निर्णयानुसार चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यावसायिकाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवावयाचे. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निर्णयानुसार या वयाचा गुणक पंधरा. हिशेब पंधरा लाख बारा हजारांवर जातो. औषधोपचाराचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळीच. अडीच लाखांवर सही करणारी बाई नेमके काय सोडून देते, हे तिला कोणी सांगितलेले असते काय?

बारा हजारांची पावती तिच्यापाशी नसते, हा दुसरा घोर. न्यायाधिकरणाने आठ हजारच ग्राह्य धरले, तर तीच भरपाई दहा लाख आठ हजारांवर येते. महिन्याच्या चार हजारांचा कागद नाही म्हणून पाच लाखांहून अधिक रक्कम बुडते! पाय किती टक्के अधू झाला, एवढ्यावर डॉक्टरच्या दाखल्याने भागत नाही. त्या पायावाचून तिचा धंदा किती बुडाला हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार प्रकरणात २०१० सालीच सांगून ठेवले आहे. दिवसभर मेजाशी बसणाऱ्या कारकुनाचा पाय आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारीचा पाय कायद्यालाही सारखा नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पहाटे जेटीवरून निघणाऱ्या मालवाहू टेम्पोत मासळीबरोबर माणसेही बसतात. १९९४ च्या दुरुस्तीने मालाच्या मालकाला विम्याचे संरक्षण मिळाले. पण न्यायालयांच्या मते त्याने चालकाच्या केबिनमध्ये बसलेले असावे. मागे पाट्यांवर बसलेली बाई, आणि फुकट चढलेली तिची शेजारीण, दोघींच्या बाबतीत विमा कंपनी हात झटकू शकते. मग उरतो टेम्पोमालक, आणि त्याच्यापाशी टेम्पोखेरीज असते काय? पर्यटकांना खासगी दुचाक्या भाड्याने देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, पॉलिसीच्या अटी मोडल्या तर कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते.

दावा सहा महिन्यांत दाखल करावा, ही १९९४ साली काढून टाकलेली अट याच दुरुस्तीने परत आणली. दोन शस्त्रक्रियांत सहा महिने कोठे जातात ते कळतही नाही. या अटीला आव्हान मिळाले असून, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. तरीही अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी घरी बसू नये. अपघात कोठेही घडो, दावा आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तडजोडीला आमचा विरोध नाही. वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा लोकअदालतीत थोडे कमी घेऊन मोकळे होणे अनेकदा शहाणपणाचे असते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, हे जाणून सही व्हावी. विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम न्यायाधिकरणापुढेच मांडावी असे कलम १४९ सांगते. ती मान्य करण्यापूर्वी पूर्ण दाव्याचा अंदाज जखमीला त्याच्या भाषेत समजावून सांगणे न्यायाधिकरणाने बंधनकारक करावे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही वाव मिळाला. असे असता पोलीस स्थानकात आणि इस्पितळाच्या अपघात विभागात या दोन भाषांतील एक पानी माहितीपत्रक ठेवण्यास शासनाला कोणती अडचण आहे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आठवड्यातून एक दिवस आपला वकील अस्थिरोग विभागात बसवावा. कागद घेऊन येणारा तेथे आधीच पोचलेला असतो.