गाठीच्या आतली लढाई

बदनापूर तालुक्यातल्या त्या गोठ्यात होल्स्टीन संकरित गाय मान टाकून उभी होती. ताप १०६ अंश. डॉक्टरांनी खांद्यापुढची गाठ चाचपली. एरवी ती जेमतेम हाताला लागते, आज मुठीएवढी झाली होती. "गोचीड ताप," ते म्हणाले, तरी तपासणी टाळली नाही. सुईने गाठीतला थेंब ओढून काचेवर पसरला, मिथेनॉलने पक्का केला, जिम्सा रंगात ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या पांढऱ्या पेशीच्या निळसर पोटात जांभळ्या ठिपक्यांचा पुंजका दिसला. तोच थायलेरिया ॲन्युलाटा.

गोचिडाच्या लाळेतून आलेला हा परजीवी शिरतो तो थेट रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतच. आत गेला की त्या पेशीला सतत विभागायला लावतो आणि तिच्यासोबत स्वतःही वाटला जातो. रक्तातली प्रतिपिंडं पेशीच्या आत पोहोचत नाहीत. मात्र बाधित पेशीच्या पृष्ठभागावर परजीवीच्या प्रथिनांचे तुकडे येतात. ते ओळखून मारक टी-पेशी त्या पेशीचाच नाश करतात. इंटरफेरॉन गॅमाने चेतवलेल्या भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून परजीवीची वाढ रोखतात. पण सुरुवातीला बाधित पेशी टी-पेशींना सरसकट भडकवतात. नेम नसलेली ही गर्दी वाढत जाते, गाठ फुगते आणि मोलाचे दिवस निघून जातात. संकरित गाई यात अधिक दगावतात. आपली देशी जनावरं बहुधा तग धरतात, आणि दूध वाढवताना हा काटकपणा आपण फार स्वस्तात सोडून दिला, असं मला वाटतं.

पुढे परजीवी लाल पेशींत उतरला की जनावर पांढरं पडतं, कधी कावीळ होते. म्हणून बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं गुणकारी. बरी झालेली गायही परजीवी बाळगून राहू शकते आणि तिच्यावरच्या गोचिडांतून तो पुढे जातो.

यावर लस आहे. प्रयोगशाळेत वाढवून दुबळ्या केलेल्या बाधित पेशी तिच्यात जिवंत असतात, म्हणून ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. त्या पेशींवरच वासराच्या टी-पेशी शत्रू ओळखायला शिकतात.

संकरित वासरं असतील, तर लसीबद्दल आपल्या पशुवैद्यकाला आजच विचारा. गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा बुजवा, गोचीड तिथेच दडतात. आणि ताप व गाठ एकत्र दिसली, तर उद्यावर ढकलू नका.