डोंगर, वारा आणि लहान विमान



१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान मुंबईला, जुहूच्या मैदानावर उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल विमानानेच बेल्लारीमार्गे मद्रासला पोचविले. नकाशावर मुंबई ते बेल्लारी सरळ रेघ ओढा. ती सह्याद्री ओलांडून आपल्या औंधजवळूनच जाते. त्या विमानांत रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे, तेव्हा मुक्काम पुण्यास हलवीत. मैदान बदलता आले, पण डोंगर कसा बदलणार?

या डोंगराची करणी आपल्याला ठाऊक आहे. समुद्रावरचा ओला वारा घाट चढतो, वर जाता जाता थंड होतो आणि त्यातील वाफेचे ढग बनतात. म्हणून महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आपल्या खटाव-माणात जेमतेम पाचशेच्या घरात! पण हेच ढग घाटमाथ्यावर बसले की वैमानिकाला कडा दिसत नाही. ढगाखालून वाट काढू म्हणून तो दरीत शिरतो. दरी अरुंद होत जाते आणि मग वळायलाही जागा उरत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. ओढ्याचे पाणी धोंड्यावरून उतरताना पलीकडे कसे भोवरे घेते? वाराही तसाच डोंगरापलीकडे खाली कोसळतो. पश्चिमेचा वारा जोरात असताना आपल्याकडून कोकणात निघालेल्या विमानाला घाटमाथ्याच्या अलीकडेच हा उतरता वारा गाठतो. लहान विमान मिनिटाला पाचसातशे फूट चढते. उन्हाळ्यात हवा विरळ होते, तेव्हा त्याहूनही कमी. वारा त्याहून वेगाने उतरत असेल, तर विमानाचे नाक वर असते आणि विमान मात्र खाली जाते! म्हणून जाणता वैमानिक डोंगरापाशी येण्याआधीच भरपूर उंची घेतो आणि माथ्याकडे तिरपा जातो. म्हणजे चटकन सपाटीकडे वळता येते.

तिसरा धोका वळिवाचा. त्या काळ्या ढगातून थंड हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी धुळीचा लोट येतो तो हाच. अशा ढगाखाली शिरू नये. वळसा घालावा, नाही तर जमिनीवरच थांबावे.

मोठ्या विमानांनाही डोंगर माफी देत नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री मुंबईला उतरू पाहणारे एक इटालियन जेट विमान जागेचा अंदाज चुकून लवकर खाली आले आणि जुन्नरच्या बाजूला डोंगरावर आदळले. ९४ माणसे गेली.

शिक्षकबंधूंनी मुलांना वाऱ्याच्या दिवशी यमाईच्या डोंगरावर न्यावे. वाऱ्याकडच्या बाजूला मूठभर भुसा सोडावा, मग आडोशाच्या बाजूला सोडावा. एकीकडे तो वर उचलला जाईल, दुसरीकडे गरगरत खाली बसेल. विमानाचे काय होते, ते पोरांना तिथल्या तिथे कळेल.

आणि एवढेही त्यांना सांगावे, की आभाळ पाहून वेळीच माघारी फिरणारा वैमानिक भित्रा नव्हे. नदीला पूर असता गाडी अलीकडच्या काठाला सोडणारा आपला गाडीवान जितका शहाणा, तितकाच तोही.