तबेले हलले, शहर मागोमाग आले

मुंबईतील म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यावेत, हा विचार आता पाऊणशे वर्षांचा झाला आहे. दर काही वर्षांनी त्याची नव्याने चर्चा होते, मुदती दिल्या जातात आणि पुन्हा वाढविल्या जातात. घाटकोपर, मुलुंड, जोगेश्वरी, मालाड येथील तबेल्यांच्या दुर्गंधीची आणि नाल्यात सोडल्या जाणाऱ्या शेणाची तक्रार खोटी नाही. पण दहा-वीस म्हशींवर चालणारा एखाद्या कुटुंबाचा संसार मोठ्या जागेवर हलविणे म्हणजे नेमके काय हलविणे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर मिळाले ते गोरेगावच्या आरे वसाहतीच्या रूपाने. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्‌घाटन झाले. बाराशेहून अधिक हेक्टर जमीन, सुमारे १६ हजार जनावरांची सोय, हिरव्या वैरणीसाठी पॅरा गवताची लागवड, पशुवैद्य, पाणी असे सारे तेथे होते. गल्लीबोळांतील अंधाऱ्या गोठ्यात गुडघाभर शेणात उभ्या असलेल्या म्हशीला मोकळी हवा मिळाली. म्हशी मालकाच्याच राहिल्या. गोठा सरकारचा झाला आणि दूध सरकारी योजनेकडे जाऊ लागले. स्वतःच्या रतिबावर जगणारा गवळी परवानाधारक बनला. सोय वाढली, त्याचबरोबर दराबाबतचे परावलंबनही वाढले.

आरेत सगळेच सामावणे शक्य नव्हते. अनेक तबेले उपनगरांत राहिले व वाढले. त्या काळी उपनगर म्हणजे शहराबाहेरचाच प्रदेश. पण १९५० मध्ये महापालिकेची हद्द घाटकोपर ओलांडून भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत पोहोचली. तबेले जागचे हलले नाहीत. शहरच त्यांच्या दाराशी आले. ज्यांच्या भोवती शेते आणि खाजणे होती, त्यांच्या भोवती चाळी व इमारती उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये शहरांत जनावरे पाळण्यावर परवान्याचे बंधन घालणारा कायदा झाला. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. कालचा गोपालक आज उपद्रव ठरला.

त्याला दाखविण्यात आलेली पर्यायी जागा होती डहाणूकडच्या दापचरीची. मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर जमीन विपुल होती. पण गिऱ्हाईक नव्हते. म्हशीचे दूध पहाटे काढून काही तासांत घरोघरी पोहोचते, यावरच तबेल्याचे अर्थकारण उभे असते. रतीब गाडीत घालून नेता येत नाही. एका म्हशीला पिण्यासाठीच रोज पन्नास-साठ लिटर पाणी लागते. वैरण, सरकी, पेंड, गडीमाणसे, मुलांच्या शाळा हे सारे वेगळेच. मोठी जमीन यांपैकी काहीही आपोआप देत नाही. दापचरीचा प्रकल्प ओसरत गेला, यात नवल ते काय?

आणि ही जमीन खरोखर मोकळी होती काय? आरेत वारली व अन्य आदिवासींचे पाडे होते आणि आजही आहेत. दापचरीतही आदिवासी शेतकऱ्यांच्याच जमिनी घेतल्या गेल्या. एका कष्टकऱ्याची अडचण दूर करण्यासाठी दुसऱ्याला उठविणे, याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

स्थलांतराची खरी कसोटी मात्र भाकड म्हशीत आहे. शहरी तबेल्यात व्यालेली म्हैस विकत आणतात आणि तिचे सुमारे दहा महिन्यांचे वेत संपले की ती परवडत नाही. पुन्हा गाभण ठेवून तिला दहा महिने पोसण्यास जागा नसते; म्हणून ऐन उमेदीतील जनावर कसायाकडे जाते आणि रेडकू तर त्याआधीच दगावते. घाटकोपरच्या जवळच देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून आहे. मोठ्या जमिनीचे समर्थन करायचे तर ते एवढ्याचसाठी, की तेथे भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत जगावी आणि पारडी वाढावी. जी योजना केवळ दुभत्या म्हशींची संख्या मोजते, ती शहरातील गोठाच गावाबाहेर नेऊन ठेवते.

म्हणून यापुढे तबेला हलविण्याचा आदेश निघेल, तेव्हा त्यासोबत तीन गोष्टी याव्यात: दूध थंड करून वेळेवर शहरात आणण्याची व्यवस्था, भाकड काळातील वैरणीसाठी अर्थसाहाय्य आणि लहान मालकाला जमिनीवर टिकाऊ हक्क. तो हक्क देताना त्या जमिनीवर आधीपासून राबणाऱ्यांची संमतीही घ्यावी लागेल. एवढे नसेल, तर नव्या जागेवरही पुन्हा कागदोपत्री गोठे उभे राहतील आणि तोवर वाढते शहर तेथेही जाऊन पोहोचेल.