विश्लेषण : लालबागच्या मसाल्यावरचा जीएसटी लालबागला परत मिळतो का?

उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षभराचा मसाला करून घेण्यासाठी मुंबईकरांची पावले लालबागकडे वळतात. मिरची, धणे, खडा मसाला घेतला की हातात पडणाऱ्या पावतीच्या तळाशी दोन ओळी असतात : सीजीएसटी आणि एसजीएसटी. पहिला हिस्सा केंद्राचा, दुसरा राज्याचा. मुंबई महापालिकेची ओळ मात्र पावतीवर नसते. तरीही लालबागचे रस्ते, गिरगावातली साफसफाई आणि परळचे केईएम रुग्णालय चालते ते महापालिकेच्या तिजोरीतून. मग ग्राहकाने भरलेल्या करातून शहराला मिळते किती आणि ते ठरवते कोण?

१०० रुपयांच्या कराची वाटणी कशी होते?

मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,००० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये कर. त्यातले ५० रुपये केंद्राचे आणि ५० राज्याचे.

केंद्राच्या ५० रुपयांतला काही भाग राज्यांकडे परत येतो. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ठरवलेल्या सूत्रानुसार वाटपयोग्य केंद्रीय करांपैकी ४१ टक्के रक्कम सर्व राज्यांना मिळत होती आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. त्या सूत्राच्या ढोबळ हिशेबाने ५० रुपयांतले साडेवीस रुपये राज्यांच्या सामायिक हिश्शात जात होते आणि महाराष्ट्राच्या हाती त्यातले सुमारे १ रुपया ३० पैसे येत होते.

इथे आणखी एक नियम लागू होतो. जीएसटी हा माल जिथे वापरला जातो तिथला कर आहे. दादरच्या दुकानात काउंटरवर घेतलेल्या साडीवरचा राज्याचा हिस्सा महाराष्ट्राला मिळतो. तीच साडी कुरिअरने बेळगावच्या ग्राहकाला पाठवली, तर तो हिस्सा कर्नाटकाला जातो. या सगळ्या हिशेबात राज्य हे शेवटचे एकक आहे. शहर किंवा वॉर्ड त्यात येतच नाही.

जीएसटीपूर्वी काय होते?

३० जून २०१७ पर्यंत मुंबईत जकात होती. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथल्या नाक्यांवर ट्रक थांबायचे आणि शहरात येणाऱ्या मालावरची जकात थेट महापालिकेकडे जमा व्हायची. राज्यातल्या इतर महापालिकांमध्ये त्याआधीच जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला होता आणि ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली होती. मुंबईची जकात मात्र शेवटपर्यंत टिकली.

नाक्यांवरच्या रांगा आणि जकातचोरीच्या तक्रारी यामुळे ही पद्धत बदनाम होती. पण महापालिकेचे सर्वात मोठे स्वतःचे उत्पन्नही तेच होते. जीएसटीसाठी झालेल्या १०१व्या घटनादुरुस्तीत राज्यसूचीतली ५२वी नोंद वगळली गेली आणि जकातीचा घटनात्मक आधारच संपला.

मग महापालिकेला आता काय मिळते?

राज्याने २०१७ मध्येच स्थानिक संस्थांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा केला. ५ जुलै २०१७ रोजी तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी ६४७.३४ कोटी रुपयांचा पहिला धनादेश महापालिकेच्या मुख्यालयात तत्कालीन महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांच्याकडे दिला. तेव्हापासून ही रक्कम दरमहा मिळते.

सूत्र सोपे आहे. २०१६-१७ मधले उत्पन्न हा पाया आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. त्यामुळे महापालिकेच्या अर्थसंकल्पातली ही रक्कम २०२३-२४ मध्ये १२,३४४.१० कोटी, २०२४-२५ मध्ये १३,३३१.६३ कोटी आणि २०२५-२६ मध्ये १४,३९८.१६ कोटी रुपये झाली. म्हणजे महिन्याला साधारण १,२०० कोटी. २०२५-२६ च्या ७४,४२७.४१ कोटींच्या अर्थसंकल्पाशी तुलना केली तर प्रत्येक पाच रुपयांमागे जवळपास एक रुपया या भरपाईचा आहे.

म्हणजे विक्री वाढली तर शहराला जास्त मिळते का?

नाही. गणेशोत्सवात लालबाग-दादरची बाजारपेठ कितीही फुलली, तरी महापालिकेचा धनादेश त्याने एका रुपयानेही वाढत नाही. उलट २०२० मध्ये करोनामुळे दुकाने बंद असतानाही सूत्रातली ८ टक्क्यांची वाढ कायम होती. हा करातला वाटा नसून ठरावीक दराने वाढणारी भरपाई आहे.

याच्या दोन्ही बाजू आहेत. मंदीत शहराला आधार मिळतो, पण तेजीचा फायदा राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जातो. शिवाय वेगवेगळ्या शहरांच्या भरपाईचा पाया २०१६-१७ मध्येच गोठला आहे. त्यानंतर एखाद्या शहरातला व्यापार कितीही वाढला असला, तरी त्याची नोंद या सूत्रात होत नाही.

१४ टक्के आणि ८ टक्के, हा फरक काय?

जीएसटी लागू करताना केंद्राने राज्यांना पाच वर्षे दरवर्षी १४ टक्के महसूलवाढीची हमी दिली होती. २०१५-१६ च्या उत्पन्नावर आधारलेल्या या हमीच्या हिशेबात राज्याच्या करांबरोबर जकात आणि एलबीटीचे उत्पन्नही धरले होते. म्हणजे जकातीच्या रकमेवर राज्याला १४ टक्के वाढीची हमी मिळाली आणि राज्याने शहरांना ८ टक्क्यांची हमी दिली.

केंद्राची हमी ३० जून २०२२ रोजी संपली. महापालिकांची भरपाई पुढेही सुरू आहे, पण आता तिचा भार राज्याच्या स्वतःच्या तिजोरीवर आहे.

गिरगाव, दादर, परळच्या वाट्याला किती येते?

जीएसटीच्या हिशेबाने असा वेगळा वाटा नाही. भरपाई महापालिकेच्या एकाच तिजोरीत जमा होते आणि गिरगावच्या डी, दादरच्या जी-उत्तर किंवा लालबाग-परळच्या एफ-दक्षिण वॉर्डावर किती खर्च करायचा हे अर्थसंकल्पात ठरते. तिथे आवाज उठवायचा तो नगरसेवकांनी. पण ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळातले अर्थसंकल्प निवडून आलेल्या सभागृहाच्या चर्चेविनाच मंजूर झाले.

जिथे विक्री, तिथेच वाटा दिला तर?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तसे होते. तिथल्या विक्रीकरातला एक टक्का, ज्या शहरात विक्री झाली त्या शहराला मिळतो. परिणामी नवी घरे बांधण्यापेक्षा मॉल आणि मोठी दुकाने आपल्या हद्दीत आणण्यासाठी शहरांमध्ये चढाओढ लागते.

मुंबईत वॉर्डनिहाय असे केले, तर दादरसारखी बाजारपेठ श्रीमंत होईल आणि जिथे फक्त वस्ती आहे ते वॉर्ड कोरडे राहतील. केईएममध्ये कोकणापासून उत्तर भारतापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांचा खर्च एकट्या परळच्या विक्रीतून भागवणे शक्यही नाही आणि न्याय्यही नाही. त्यामुळे खरा प्रश्न वॉर्डाच्या वाट्याचा नसून शहराच्या वाट्याचा आहे.

कळीचा मुद्दा कोणता?

महापालिकेने कोणते कर लावायचे हे राज्याच्या कायद्याने ठरते. ७३व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली, पण त्याच्या शिफारशी राज्यावर बंधनकारक नाहीत. मालमत्ता कर हा उरलेला मोठा स्थानिक कर, पण २०२२ मध्ये मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ झाला आणि तो निर्णयही राज्य सरकारचाच होता.

जकातीच्या काळात पैसा रोज महापालिकेच्या नाक्यावर जमा होत होता. आज त्याची जागा राज्याच्या एका कायद्याने घेतली आहे आणि विधिमंडळाला तो कायदा, त्यातला ८ टक्क्यांचा आकडा किंवा पायाभूत वर्ष कधीही बदलता येते. शहरांना एसजीएसटीत ठरावीक टक्का थेट मिळावा, ही मागणी त्यातूनच पुढे येते. तसे झाले तर लालबागच्या पावतीवर नाही, तरी राज्याच्या हिशेबात शहराची स्वतंत्र ओळ दिसेल. तोपर्यंत लालबागला परत काय मिळते याचे उत्तर मसाल्याच्या विक्रीवर अवलंबून नाही. ते राज्याच्या भरपाईवर आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहे.