गोळी लागली नाही, म्हणून पेन्शन नाही?

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत पेन्शनवर आलेल्या फौजीला कुणी ना कुणी हमखास ऐकवतं, “तुला कुठं गोळी लागलीय? बीपी-शुगरला कोण देतंय डिसॅबिलिटी पेन्शन!” सांगणारा पुष्कळदा स्वतः माजी सैनिक असतो, म्हणून ऐकणाराही कागद ट्रंकेत टाकून मोकळा होतो. याची चीड येते, कारण नियमात असं काहीही नाही.

लष्कराच्या 1961च्या पेन्शन नियमावलीप्रमाणे अपंगत्व किमान 20 टक्के हवं आणि ते सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं हवं. आजाराचं मूळ अंगात आधीपासून असलं, तरी नोकरीच्या ताणानं तो वाढला असेल तर दावा उभा राहतो.

“पण मेडिकल बोर्डानंच ‘सेवेशी संबंध नाही’ लिहिलंय ना!” लिहू द्या. धरमवीर सिंग 1985 साली सिग्नल्समध्ये भरती झाले आणि 1994 साली फिट्सच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं. बोर्डानं 20 टक्के अपंगत्व मान्य केलं, पण आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हटलं. का, ते लिहिलंच नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2013मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, पुढे तो आजारी पडला, तर उलट सिद्ध करण्याचं ओझं लष्करावर. छाती, डोळे, कान, दात तपासून ‘फिट’चा शिक्का लष्करानंच मारलेला असतो. नऊ वर्षांनी ‘हे आधीचंच’ म्हणायचं, तर कारण द्यायला नको?

म्हणून प्रत्येक दावा मंजूर होतो, असं मात्र नाही. बोर्डानं सकारण मत दिलं असेल, तर ते खोडायला वैद्यकीय पुरावाच लागतो.

शांत ठाण्यावरच्या आजाराला काही मिळत नाही? अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेच्या 1982च्या नियमांत संशयाचा फायदा सर्वांनाच होता. फील्डमधल्यांना तो अधिक सढळपणे द्यायचा, इतकंच.

पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्याला 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरून पेन्शन मिळत नाही? सर्वोच्च न्यायालयात राम अवतार प्रकरणात, डिसेंबर 2014मध्ये, तेही मान्य झालं.

बोर्डाचा शब्द अखेरचा? आधी खात्याकडे अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईतच आहे.

मात्र वरचे नियम जुने आहेत; 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत, त्यामुळे आधी निवृत्तीची तारीख पाहा. मग भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल आणि रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत शेजारी ठेवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.