शर्यत चालकांची की थैल्यांची?

मोटारशर्यतींविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक भव्यतेची असते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि कराच्या वादात ती गुंडाळली गेली. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरील मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. पुढच्याच वर्षीची रद्द झाली. चेन्नईत ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शहरातील रस्ते अडवून दिव्यांच्या झगमगाटात शर्यत भरली. तत्पूर्वी हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले होते. या साऱ्या गदारोळात एका माणसाचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो म्हणजे स्वतःच्या पगारातून किंवा गॅरेजच्या मिळकतीतून चार पैसे बाजूला टाकून वर्षाकाठी दोनचार शर्यतींत उतरू पाहणारा हौशी स्पर्धक.

मोटारशर्यत हा मुळातच श्रीमंतांचा खेळ, त्यांच्या खर्चाची चिंता आपण कशाला वाहायची, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत डोकावून पाहावे. बाहा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूरशी जोडल्या गेलेल्या विद्यार्थिस्पर्धेसाठी महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांतील मुले रात्र रात्र जागून खडबडीत जमिनीवर धावणारी एकआसनी गाडी बांधतात. यातील बहुसंख्य मुले श्रीमंतांघरची नव्हेत. पदवी हाती पडली की त्यांच्या हौसेला पुढची पायरी राहत नाही. बंदिस्त मार्गावर उतरणे परवडत नाही म्हणून हौस मरत नाही. ती रात्री हमरस्त्यावर उतरते आणि तिथे हेल्मेटही नसते, रुग्णवाहिकाही नसते.

या खेळाचा खर्च का वाढतो, हे समजून घेणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. शर्यतीत मिळवायचा असतो तो क्रमांक, आणि पहिला क्रमांक एकच असतो. प्रवेशपरीक्षांच्या खासगी शिकवण्यांचे उदाहरण घ्या. दहा मुलांनी शिकवणी लावली की अकराव्याच्या पालकाला ती लावावीच लागते. शंभरांनी लावली तरी पहिल्या दहांत दहाच मुले बसतात. खर्च मात्र शंभर घरांचा होतो. शर्यतीतही एकाने महागडा टायर घातला की इतरांनी घालायचा. सर्वांनी घातला की क्रमवारी पूर्ववत, फक्त सर्वांचे खिसे हलके. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या परीने शहाणपणाचा आणि सर्वांचा मिळून वेडेपणाचा, असा हा प्रकार आहे. ज्याचा खिसा आधी रिकामा होतो तो घरी बसतो, मैदानात मोटारी कमी होतात, आणि उरलेल्यांवर प्रवेशशुल्काचा बोजा वाढतो.

आपल्याकडे याचा अनुभव जुना आहे. मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर शर्यती भरत. १९८० च्या सुमारास तेथे घरगुती फियाट-ॲम्बॅसेडरवाल्यांच्या जोडीला परदेशातून आणलेल्या खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या मोटारी उतरू लागल्या. गोंडलच्या राजघराण्यातील स्पर्धक होते. विजय मल्ल्या तर फॉर्म्युला वनमध्ये धावलेली एन्साइन मोटार घेऊन आले होते. प्रेक्षकांची गर्दी लोटे, यात नवल नाही. परंतु गॅरेजात रात्रपाळी करून आपली गाडी सजवणाऱ्या माणसाने त्या मोटारींशी स्पर्धा करावी कशी?

याचे उत्तर कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी दिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी फॉर्म्युला मारुती नावाची एकआसनी मोटार आणली. नळ्यांचा सांगाडा आणि त्यात मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन. १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या त्या गाडीचे सुटे भाग तोवर गावोगाव मिळू लागले होते, आणि ते बसवणारा फिटरही. सर्वांचे इंजिन एकच असल्याने पैशाचा जोर बराचसा बोथट झाला. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नरेन कार्तिकेयन, हा याच फॉर्म्युला मारुतीतून घडला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात वारले; कोइमतूरजवळील कारी मोटार स्पीडवे त्यांच्या नावाने आहे. आपल्या मोटारशर्यतींच्या इतिहासात लाखो डॉलरांच्या करारांपेक्षा या स्वस्त मोटारीचे देणे मोठे आहे, असे माझे मत आहे.

तथापि एकच इंजिन दिले म्हणजे काम संपले असे नाही. नियम हा बांध असतो आणि पैसा पाण्यासारखा. फट सापडली की तिथून वाहतो. इंग्लंडमध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने जुन्या, भंगारात मिळणाऱ्या ऑस्टिन सेव्हन गाड्यांवर आधारलेला एक स्वस्त गट युद्धोत्तर काळात सुरू केला. त्या गाडीच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून हवा-पेट्रोल नेणारा एकच मार्ग होता. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने त्या मार्गांची आतून अशी विभागणी केली की प्रत्येक सिलिंडरला जणू स्वतंत्र मार्ग मिळाला. नियमात याला कोठेच मनाई नव्हती. १९५१ च्या हंगामात त्याच्या लोटस मोटारीपुढे कोणी टिकेना, आणि हंगामानंतर क्लबने ती युक्ती नियम बदलून बंद केली. चॅपमनची युक्ती बुद्धीची होती, पैशाची नव्हे, म्हणून ती आपल्याला आवडते. पण दर वेळी तसे असत नाही. अमेरिकेत एकाच जातीच्या माझदा मियाटा गाड्यांचा अत्यंत लोकप्रिय हौशी गट आहे. तेथे २०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल आलेल्या मोटारींपैकी काही सिलिंडर हेडवरील नियमबाह्य कामामुळे बाद ठरल्या. मापात दिसेल न दिसेल असे कोरीवकाम करून देणारे कारागीर आणि त्यांना पैसे मोजणारे हौशी, दोघेही तयार असतात. तपासनिसाने प्रत्येक इंजिन उघडून पाहायचे म्हटले तर तपासणीचाच खर्च शर्यतीच्या वर जाईल.

येथे उत्तर युरोपातील एका प्रथेकडे लक्ष वेधावेसे वाटते. फिनलंड आणि स्वीडन या देशांत मातीच्या मार्गावर जुन्या मोटारींच्या शर्यती चालतात. फिनिश भाषेतील त्यांच्या नावाचा अर्थच ‘प्रत्येक माणसाचा गट’ असा आहे. तेथे इंजिनाचे काय करायचे यावर फारशी बंधने नाहीत. बंधन आहे ते एवढेच, की शर्यत संपल्यावर कोणाही परवानाधारक स्पर्धकाला तुमची मोटार एका ठरलेल्या, अल्प किमतीला विकत मागता येते. मागणारे अनेक निघाले तर चिठ्ठ्या टाकतात. मालकाने नकार दिला तर त्याच्या परवान्यावर गदा येते. बस्स! ठरलेल्या किमतीच्या पाचपट पैसा गाडीत ओतणारा मनुष्य संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाण्याची तयारी ठेवूनच येईल, म्हणजे येणारच नाही. तपासनीस नको, इंजिन उघडणे नको. प्रत्येक प्रतिस्पर्धी हाच तपासनीस. अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींत हे तत्त्व फार पूर्वीपासून रूढ आहे: किंमत कमी सांगाल तर घोडा जाईल, जास्त सांगाल तर वरच्या गटात धावावे लागेल. नियम किती पानांचा आहे यापेक्षा तो मोडणे कोणाच्या फायद्याचे आहे हे पाहावे, असे आम्ही वर्गात शिकवतो. त्याला यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पण किमतीला मर्यादा घातली की माणूस सर्वांत आधी कशात काटकसर करील? जे शर्यत जिंकून देत नाही त्यात: आसन, पट्टे, छपराखालचा पोलादी पिंजरा, अग्निशामक नळकांडे यांत. अमेरिकेत २००६ पासून चालणाऱ्या ‘लेमन्स’ नावाच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीने हा धोका आरंभीच ओळखला. मोटारीची किंमत पाचशे डॉलरांच्या आत हवी, अशी तिची अट. परंतु सुरक्षिततेच्या साधनांवरील खर्च त्या पाचशेत धरावयाचाच नाही. वर केलेल्या खर्चाबद्दल दर दहा डॉलरांना एक फेरी दंड म्हणून वजा होते. चांगल्या पिंजऱ्याबद्दल कधीच नाही. एका हाताने मर्यादा घालताना दुसरा हात मोकळा ठेवणे, हे त्या वरकरणी थट्टेखोर शर्यतीचे खरे शहाणपण होय.

आपल्याला हा मुद्दा कागदावरचा राहिलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या मार्गावर राष्ट्रीय मालिकेतील सलून मोटारींच्या शर्यतीत एक एकोणसाठ वर्षांचे, जुनेजाणते स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तेथेच दुचाकींच्या शर्यतीत बंगळूरूचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर भागातील रॅलीत मार्गावर आलेल्या दुचाकीवर स्पर्धकाची मोटार आदळून एकाच कुटुंबातील तिघांचा बळी गेला. त्यांचा या खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. या दुर्घटनांचे कारण स्वस्ताई होते असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे एवढेच, की जो खेळ इतका निर्दय होऊ शकतो त्यात काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये हे स्पर्धकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या पट्ट्यांना व आसनांना वापराची मुदत असते. ती संपली की वरून धडधाकट दिसणारी वस्तूही बाद. वर्षातून दोन शर्यती करणाऱ्याने हा खर्च एकट्याने का सोसावा? क्लबने ही साधने घेऊन ठेवावी आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे भाड्याने द्यावी, हे अशक्य नाही. सरकारला या खेळासाठी काही करायचेच असेल तर प्रमाणित सुरक्षासाधनांवरील आयातशुल्क माफ करण्यापासून आरंभ करावा. शहरातील रस्ते सजवण्याच्या मानाने तो खर्च किरकोळ ठरेल.

आता गटवारीचा प्रश्न. आपल्या तालमींना तो नवा नाही. साठ किलोच्या मल्लाची जोड नव्वद किलोच्या मल्लाशी कोणी लावीत नाही. मोटारींचे गट आजवर इंजिनाच्या आकारमानावरून पडत आले. कार्बुरेटरच्या जमान्यात ते ठीक होते. टर्बो इंजिने आली आणि आकारमान फसवे झाले. आंतरराष्ट्रीय महासंघ अशा पेट्रोल इंजिनाच्या आकारमानाला १.७ ने गुणतो. म्हणजे हजार घन सेंटिमीटरचे टर्बो इंजिन सतराशेच्या बरोबरीचे. हा आकडाही अंदाजाचाच. म्हणून मोटारीच्या आकारमानाऐवजी तिच्या कामगिरीवरून गट पाडणे अधिक न्याय्य, असे मला वाटते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देतात, तसे जिंकणाऱ्या मोटारीवर वजन चढवता येते. किंवा ठरलेल्या वेळेपेक्षा वेगाने फेरी मारणाऱ्याला वरच्या गटात ढकलता येते. दुसऱ्या उपायात मुद्दाम हळू चालवून खालच्या गटात बक्षिसे लुटणारे महाभाग निघतात, हेही खरे. त्यांना ओळखायला मात्र एक हंगाम पुरतो.

गटवारीचा सुरक्षिततेशीही थेट संबंध आहे. सरळ पट्ट्यावर एक मोटार ताशी १२० किलोमीटरने आणि मागची १६० ने येत असेल तर दोहोंतील अंतर दर सेकंदाला अकरा मीटरने घटते. पुढच्याने आरशात पाहून निर्णय घेईपर्यंत मागचा त्याच्यावर आलेला असतो. मैदान भरावे म्हणून पंधरा मोटारींत सात गट एकत्र सोडणे आणि प्रत्येकाला एक करंडक देऊन घरी पाठवणे, यात ना स्पर्धा राहते ना सुरक्षितता. गट थोडे असावेत आणि प्रत्येक गटात खरी झुंज व्हावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी स्कँडिनेव्हियात नाही. सर्किटवरील राष्ट्रीय मालिका दीर्घकाळ चेन्नई आणि कोइमतूर या दोन ठिकाणांभोवतीच फिरत आल्या आहेत. पुण्याहून चेन्नई सुमारे बाराशे किलोमीटर. पिंजरा बसवलेली, आतून मोकळी केलेली गाडी चालवत नेणे शक्य नाही. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली वाहने रस्त्यावर चालणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय आहे, आणि रस्त्यावरील सुरक्षेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. म्हणजे ट्रक आला, त्याचे भाडे आले, दोन माणसांचा मुक्काम आला. हा खर्च एकाही शर्यतीच्या नियमपुस्तकात दिसत नाही, पण मध्यमवर्गीय स्पर्धक बहुधा यातच खचतो. नाशिकच्या परिसरात रॅली होतात, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. म्हणजे हौस आणि माणसे येथेही आहेत. मातीचा एक-दीड किलोमीटरचा मार्ग, कडेला टायरांच्या व मातीच्या भिंती, प्रेक्षक उंचावर आणि दूर, डॉक्टर व रुग्णवाहिका हजर, एवढ्या गोष्टींसाठी जर्मनीहून वास्तुरचनाकार आणावा लागत नाही.

अशा एखाद्या मार्गावर, राष्ट्रीय महासंघाच्या देखरेखीखाली, एक गट प्रयोगादाखल दोन हंगाम चालवून पाहावा. दहा वर्षांहून जुन्या, रस्त्याची नोंदणी रद्द झालेल्या लहान मोटारी. ठरलेली विक्रीकिंमत आणि विक्रीस नकार देणाऱ्याची हकालपट्टी. पिंजरा, आसन व पट्टे यांची तपासणी कडक, पण त्यांची किंमत हिशेबाबाहेर आणि गाडी विकावी लागली तर त्यांचे पैसे वेगळे चुकते. टायर एकाच प्रकारचा, बाजारात कोठेही मिळणारा. बाहाच्या पेट्रोल इंजिनांच्या गटात सर्व मुलांना एकच ठरावीक इंजिन घेऊन उतरावे लागते आणि गाडीच्या खर्चाचा तपशील परीक्षकांपुढे मांडून त्याचेही गुण मिळवावे लागतात. तेव्हा या गटाचे पहिले नियमपुस्तक लिहिण्याचे काम त्या स्पर्धेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींकडेच द्यावे. फटी कोठे ठेवता येतात हे त्यांना नेमके ठाऊक असते.