यंत्रांची कुस्ती आणि परदेशचा प्रवास

कुस्तीचा फड आपण सर्वांनी पाहिला आहे. तांबड्या मातीत दोन मल्ल उतरतात, सलामी होते आणि खडाखडी सुरू होते. आता असा फड डोळ्यांपुढे आणा की ज्यात माणूस उतरतच नाही. दोन यंत्रे उतरतात. त्यांचे धनी बाहेर उभे राहतात आणि हातातल्या छोट्या पेटीने त्यांना चालवतात. मधे तार नसते, आकाशवाणीसारख्या लहरींवर हुकूम जातो. फडाभोवती जाड, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या भिंती असतात. लढत बहुधा तीन मिनिटांची. जे यंत्र उलटून निपचित पडले आणि पंचांनी दहा आकडे मोजेपर्यंत हलले नाही, ते हरले. दोन्ही हलत राहिली तर पंच निकाल देतात. अशा यंत्राला रोबो म्हणतात.

हा खेळ अमेरिकेतला. तेथे मार्क थॉर्प नावाचे एक गृहस्थ होते. सिनेमासाठी लहान प्रतिकृती घडवणे हे त्यांचे काम. घर झाडणारे, दुरून चालणारे यंत्र करण्याच्या ते खटपटीत होते. झाडण्याचे काम काही नीट जमेना. पण त्या खटपटीतून यंत्रांच्या झुंजीची कल्पना निघाली आणि १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात त्यांनी पहिले सामने भरवले. १९९८ पासून इंग्लंडच्या दूरदर्शनवर ते दिसू लागले. मग खेळ जगभर गेला.

आपल्याकडेही तो आला आहे. आमच्या माजिवड्याहून पवई फार लांब नाही. तेथे आयआयटी ही मोठी इंजिनियरिंगची संस्था आहे. तिचे विद्यार्थी १९९८ पासून टेकफेस्ट नावाची जत्रा भरवतात. त्या जत्रेत रोबोंच्या कुस्त्या होतात, आणि ब्राझीलसारख्या दूर देशाचे गडीही आपली यंत्रे घेऊन पवईला येऊन लढले आहेत. ते इकडे येतात, तसे आपली मुले तिकडे जाऊ शकतात. पण जायचे कसे? तेच आज सांगायचे आहे.

समजा, माजिवड्याच्या चार मुलांनी एक रोबो बनवला. जवळच वागळे इस्टेट आहे. तेथे लेथवर चाक आणि पाते करून मिळते. मुले हौशी आहेत, पोटाचा धंदा म्हणून हे करत नाहीत. पैसा घरचाच. आणि त्यांना अमेरिकेत लढायचे आहे.

पहिली अडचण वजनाची. कुस्तीत जसे गट असतात तसे येथेही असतात. आपल्याकडे १५ किलो आणि ६० किलो अशा गटांत पुष्कळ सामने होतात. अमेरिकेत वजन पौंडात मोजतात. तेथे ३० पौंडांचा गट आहे. ३० पौंड म्हणजे सुमारे १३ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे आपला १५ किलोचा गडी तेथे बसत नाही! ६० पौंडांचा गट ऐकून कोणी म्हणेल, "अरे, हा तर आपलाच." तर तो नव्हे. ६० पौंड म्हणजे जेमतेम २७ किलो. तेव्हा यंत्र घडवायच्या आधीच तिकडचा नियम वाचायचा. नाहीतर परक्या गावी, काटा समोर ठेवून, चांगल्या लोखंडाला भोके पाडत बसण्याची वेळ येते.

दुसरी गोष्ट हत्याराची. पुष्कळ रोबोंना गरगर फिरणारे पाते असते. कडबाकुट्टीचे चाक तुम्हांला ठाऊक आहे. हात काढून घेतला तरी ते फिरतच राहते, आणि त्यात बोट गेले तर काय होते हेही ठाऊक आहे. फिरत्या चाकात जोर साठतो तो असा. वेग दुप्पट केला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. अमेरिकेतल्या बॅटलबॉट्स या मोठ्या सामन्यांत पात्याच्या टोकाचा वेग ताशी २५० मैलांवर, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरवर, जाऊ देत नाहीत. फडाबाहेर पात्याला अडसर लावून ठेवावाच लागतो. पेटीकडून येणारा हुकूम मधेच तुटला तर यंत्र आपोआप थांबले पाहिजे. हे करून दाखवल्याशिवाय पंच आत सोडत नाहीत. हा नियम आम्हांला सर्वांत शहाणा वाटतो.

आता बॅटरी. येथे जरा थांबून वाचा, कारण पुष्कळांचा प्रवास येथेच अडतो.

रोबोत लिथियमची बॅटरी असते. ती हलकी असते आणि एकदम पुष्कळ वीज देते. आपल्या मोबाईलमध्येही लिथियमच असते. पण रोबोची बॅटरी मऊ पुडीसारखी असते. ती चेचली, तिला खिळा लागला, किंवा चार्ज करताना मर्यादेबाहेर वीज भरली, तर ती फुगते, धूर सोडते आणि भडकते. म्हणून चार्जिंग चालू असताना तिच्यापाशी माणूस बसलेला हवा, आणि वाळूची बादली जवळ हवी. विमान आकाशात असताना सामानाच्या पोटात अशी बॅटरी पेटली तर? तेथे कोण वाळू टाकणार? म्हणून विमानाचे नियम कडक आहेत.

सुटी बॅटरी मोठ्या सामानात द्यायची नाही. ती आपल्याजवळ, हातातल्या पिशवीत न्यायची. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे दोन टोके एकमेकांना लागणार नाहीत. आणि बॅटरी केवढी चालते, त्याचा हिशेब आहे. बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. एक व्होल्टचा, दुसरा अँपियर-तासाचा. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० पर्यंतची असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या वर उतारूला नेताच येत नाही.

हिशेब करून पाहू. बॅटरी १४.८ व्होल्टची आणि ५ अँपियर-तासांची आहे. गुणाकार ७४. चालेल. दुसरी २२.२ व्होल्टची, तीही ५ अँपियर-तासांची. गुणाकार १११. परवानगी हवी. तीच १० अँपियर-तासांची घेतली तर २२२ झाले. ती घरीच राहील. विमानतळावर हुज्जत घालून उपयोग नाही. बॅटरी काढून घेतली की रोबो म्हणजे लोखंडाचे गाठोडे! आम्ही आयुष्यभर मुलांकडून गुणाकार करून घेतले. पण एका गुणाकारावर घरच्यांनी साठवलेला सगळा पैसा टांगलेला असेल, असे उदाहरण कधी फळ्यावर लिहिले नव्हते.

म्हणून शहाणे लोक लहान लहान बॅटऱ्या जोडून काम भागवतात, किंवा मोठी बॅटरी तिकडेच विकत घेतात. घेतात तर चार्जरही पाहून घ्यावा लागतो. आपल्या घरी वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची. चार्जरवर १०० ते २४० असे छापले असेल तर तो दोन्हीकडे चालतो. पिनचा आकार मात्र निराळा असतो.

पासपोर्टसाठी लांब जायला नको, वागळे इस्टेटमध्येच सेवा केंद्र आहे. व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या वकिलातीत जावे लागते. व्हिसा नाकारलाही जाऊ शकतो. तो मिळाल्यावरच तिकिटाचे पैसे भरावेत.

लहान रोबो बॅटरी काढून सामानात जातो. पाती आणि पाने-पेचकसही सामानातच, हातात नाहीत. शंभर किलोच्या रोबोला मात्र पेटारा लागतो आणि तो मालाच्या वाटेने जातो. पेटारा साध्या फळ्यांचा असेल तर लाकूड तापवून घ्यावे लागते. गाभ्यापर्यंत ५६ अंश, निदान ३० मिनिटे. मग त्यावर शिक्का मारतात. कारण लाकडातली कीड परदेशात गेली तर तिकडची झाडे खाईल. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, "एवढा खर्च खेळापायी?" आमच्याजवळ याला एक जुनी हकीकत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ऑलिंपिक खेळायला गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. रोबोच्या सामन्याला ऑलिंपिकचा मान नाही, हे खरे. पण माती सोडून गादीवर उभे राहण्याची अडचण तीच आहे. आपल्याकडे लाकडी फळ्यांवर पळणारे यंत्र तिकडच्या पोलादी जमिनीवर घसरू शकते. म्हणून चाकांचे जादा रबर बरोबर न्यावे.

राहिली परतीची गोष्ट. जाताना विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याला रोबो दाखवून दाखला घ्यायचा. त्यात प्रत्येक भागाचे नाव आणि त्यावरचा नंबर लिहून घ्यायचा. नाहीतर येताना आपल्याच यंत्रावर आपल्याला जकात मागतील. मोठा माल असेल तर कार्नेट नावाचे पुस्तक मिळते. आपल्या देशात ते फिक्की ही व्यापाऱ्यांची संस्था तारण घेऊन देते. त्याची मुदत फार तर एक वर्ष. ते सर्व देशांत आणि सर्व मालाला चालत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे. त्या पुस्तकात लिहिलेला माल परत आलाच पाहिजे. रोबो फडात मोडला, पाते वाकले, चाके उडाली, तरी तुकडे तिकडे टाकून येता येत नाही. सगळे तुकडे गोळा करायचे, यादीशी नंबर ताडायचे आणि पेटारा पुन्हा बंद करायचा.